कटिंग मशीन घेऊ की हीट प्रेस? पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी हा फोन येतोच. "ताई, घरून क्राफ्टची ऑर्डर घ्यायला सुरुवात करतेय. कटिंग मशीन घेऊ की हीट प्रेस?" पूर्वी मी लगेच मॉडेलांची नावं सांगत सुटायचे. आता उलट विचारते, "कात्री घेऊ की इस्त्री, असं कधी कुणाला विचारलंयस का?" कारण फरक तेवढाच आहे. एक मशीन कापतं, दुसरं तापवून चिकटवतं. कात्रीने सुरकुती जात नाही आणि इस्त्रीने कापड कापता येत नाही. तरी या दोन वस्तू एकमेकींच्या जागी विकल्या जातात, घेतल्या जातात आणि मग पलंगाखाली जातात.

घोळ नावापासूनच सुरू होतो. 'डाय कटिंग मशीन' म्हणून बाजारात दोन अगदी वेगळी यंत्रं मिळतात. पहिलं हँडल फिरवायचं. पोलादी डायवर, म्हणजे धारदार कडेच्या साच्यावर, कागद ठेवायचा, खाली-वर प्लेटा लावून सँडविच करायचं आणि ते रोलरमधून काढायचं. सिझिक्सचं बिग शॉट हे त्यातलं ओळखीचं नाव. वीज नको, कॉम्प्युटर नको, योग्य डाय असेल तर फेल्टही झकास कापतं. एकसारखी शंभर फुलं हवी असतील तर याला तोड नाही. पण जेवढे डाय तेवढेच आकार. दुसरं यंत्र बहुतेक वेळा कॉम्प्युटरला जोडायचं: क्रिकट, सिल्हूट कॅमिओ, ब्रदरचं स्कॅन-एन-कट. यात बारीक ब्लेड तुमच्या डिझाइनच्या रेषेवरून फिरतं, त्यामुळे आकार कोणताही चालतो. माझ्या एका मैत्रिणीने बारशाच्या सजावटीत बाळाचं नाव कापायचं म्हणून हौसेने हँडलवालं आणलं. तिच्याकडे फूल, पान आणि फुलपाखरू होतं. 'ज्ञानदा' नव्हती.

मग ठरवायचं कसं? गेल्या वर्षभरात स्वतः केलेल्या किंवा लोकांनी मागितलेल्या शेवटच्या दहा वस्तू कागदावर लिहा. केक टॉपर, लग्नाच्या अहेराची पाकिटं, हळदीकुंकवाच्या वाणावरचे टॅग, डब्यांवरची नावं, गणपतीचं मखर अशी यादी निघाली तर तुमचं काम कागदाचं आणि चिकट व्हिनाइलचं (स्टिकरसारख्या पातळ प्लास्टिकचं) आहे. तुम्हाला कटर हवा, प्रेस नको. टी-शर्ट, कापडी पिशव्या, उशांचे अभ्रे असतील तर प्रेस हवा. आणि इथेच बहुतेक जण दुसरी चूक करतात: कापडाचं काम म्हणजे दोन्ही मशीन लागणारच, असं धरून चालतात.

काही वर्षांपूर्वी ते खरंही होतं. आता डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) प्रिंट मीटरवर मिळतात. तुम्ही डिझाइन पाठवायचं, छापणारा ते फिल्मवर छापून, मागे गोंदाची पावडर वितळवून रोल पाठवतो. तुम्ही कात्रीने ढोबळ तुकडे करून प्रेसखाली साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसला १०-१५ सेकंद दाबायचे. चाररंगी लोगोचे साठ टी-शर्ट असतील तर हाच मार्ग. तेच काम कापडावर तापवून लावायच्या व्हिनाइलने करायचं म्हणजे प्रत्येक रंग वेगळा कापा, नको तो भाग चिमट्याने सोला, एकावर एक थर लावा, आणि हे साठ वेळा करा. मी एकदा केलंय. बोटांची आग दोन दिवस जात नव्हती. उलट प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं नाव, वेगळा नंबर आणि टी-शर्ट तीनच असतील, तेही उद्या सकाळी हवे असतील, तर घरचा कटरच कामाला येतो.

प्रेस घेणार असाल तर तो येण्याआधी भिंतीवरचा सॉकेट बघा. १५ बाय १५ इंचांचे प्रेस साधारण १४०० ते १८०० वॅट खातात. आपल्याकडचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट झाले की त्याची हद्द संपली. गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला पॉइंट लागतो, आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. जागाही मोजा. शिंपल्यासारखा उघडणारा प्रेस वर जागा मागतो, बाजूला फिरणारा आडवी जागा मागतो. वजन वीस किलोच्या आसपास, त्यात हँडलवर जोर लावायचा, त्यामुळे घडीचं टेबल लटलटतं. वन बीएचकेमध्ये हा विचार मशीनच्या किमतीइतकाच महत्त्वाचा.

आता ज्या चुकीबद्दल परदेशी व्हिडिओ चकार शब्द काढत नाहीत ती. कटरवर मराठी नाव कापणं.

पहिल्यांदा मी 'स्वागत' कापलं तेव्हा सोलताना अक्षरं सुटी होऊन हातात आली. पडद्यावर शिरोरेषा अखंड दिसत होती, मग झालं काय? मशीनला रंग दिसत नाही, कडा दिसते. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारशेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर किंचित चढलेली असतात. छापताना ते कळत नाही, पण ब्लेड प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र कापतं आणि दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेला आडवा छेद देतं. उपाय एकच: कापण्याआधी अक्षरं 'वेल्ड' करून एक आकार करायची. मी मजकूर इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्ये टाइप करते, त्याचं पाथमध्ये (नुसत्या बाह्यरेषेत) रूपांतर करते, अनग्रुप करते आणि मग 'युनियन' देते. एसव्हीजी फाइल घेऊन कटरच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचं. (सिल्हूटच्या मोफत बेसिक आवृत्तीत एसव्हीजी उघडत नाही. तिथे डीएक्सएफ म्हणून सेव्ह करा.) जोडाक्षर फुटून पाय मोडकं दिसत असेल तर कापायचंच नाही. आधी फॉन्ट आणि टाइपिंग युनिकोड आहे का ते बघायचं.

हे एकदा हाताला बसलं की गंमत कळते. इंग्रजी नावाची अक्षरं बहुतेक सुटी, प्रत्येक वेगळं लावायचं. आपलं अख्खं नाव शिरोरेषेला लटकून एका तुकड्यात उचलून येतं. केक टॉपरला तर वरदानच. दगा देतात ती अनुस्वाराची टिंबं, आणि ध, भ यांसारखी अक्षरं, जिथे शिरोरेषा तुटते. 'माधव' केला की 'मा' आणि 'धव' वेगळे होतात. टॉपर असेल तर खालून एक बारीक पट्टी देऊन जोडून घ्या. 'आनंद'मधलं टिंब शिरोरेषेत किंचित बुडवा, नाहीतर ते केकच्या क्रीममध्ये सापडेल. फॉन्ट निवडताना मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बालू' मला भरवशाचे वाटतात. त्यांचाच 'मोदक' पडद्यावर इतका गोड दिसतो की मोह होतो, पण त्याच्या अक्षरांमधल्या केसासारख्या फटी लहान आकारात सोलायला घेतल्या की मोदक घशात अडकतो.

उलट-सुलटचा घोळ एका दमात सांगते. कापडावर तापवून लावायचं व्हिनाइल चकचकीत बाजू मॅटवर (कटरच्या चिकट चटईवर) ठेवून, डिझाइन मिरर, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं करून कापायचं. सब्लिमेशनलाही, म्हणजे कागदावर छापलेली शाई उष्णतेने कापडात उतरवतात त्यालाही, मिरर. चिकट व्हिनाइल सरळ. डीटीएफची फिल्म छापणाऱ्यानेच उलटी छापलेली असते, तिथे तुम्ही आणखी उलटी करून फाइल पाठवू नका. आणि दोन्ही व्हिनाइलचे रोल एका पिशवीत ठेवू नका: ज्याच्या पाठीला कागद ते चिकट, ज्याच्या तोंडावर पारदर्शक फिल्म ते कापडाचं. चिकट व्हिनाइल प्रेसखाली गेलं तर आक्रसतं आणि त्याचा लगदा प्लेटला बसतो. सब्लिमेशनची शाई पॉलिस्टरलाच धरते, आणि कापड पांढरं किंवा फिकट हवं. सुती टी-शर्टवर ती पहिल्याच धुण्यात फिकी पडते, काळ्यावर मुळात दिसतच नाही. कॉफीचा मग तर या सपाट प्रेसमध्ये बसतच नाही. त्याला वेगळा मग प्रेस लागतो आणि मगही कोटिंगवालाच लागतो.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र मशीन निवडून, सॉकेट बसवून, सगळं नीट करून झालेली आहे. एका गोविंदा पथकाचे लाल ड्राय-फिट, म्हणजे पॉलिस्टरचे, टी-शर्ट होते. पांढऱ्या व्हिनाइलमध्ये पाठीवर नावं. रात्री अकराला शेवटचा दाबला, घड्या घातल्या. अक्षरं दुधासारखी पांढरी. दुसऱ्या दिवशी दुपारी पथकाचा मुलगा न्यायला आला आणि पिशवी उघडून म्हणाला, "काकू, आम्ही गुलाबी नव्हतं सांगितलं." खरंच, बडीशेपेच्या गोळीसारखा फिकट गुलाबी.

दोष व्हिनाइलचा नव्हता, प्रेसचाही नव्हता. पॉलिस्टरला दिलेला रंग उष्णतेने वायू होऊन वर सरकतो आणि व्हिनाइलमध्ये शिरतो. सब्लिमेशन ज्या तत्त्वावर चालतं तेच इथे आपल्यावर उलटतं. लाल, मरून आणि गडद निळा पॉलिस्टर यात बदनाम. एकदा रंग चढला की काढता येत नाही. टाळायचं असेल तर कमी तापमानाला, १२०-१३० अंशांच्या आसपास लागणारं व्हिनाइल घ्या किंवा रंग अडवणारा थर असलेलं ब्लॉकर व्हिनाइल मागा. आणि एक नमुना लावून पूर्ण एक-दोन दिवस तसाच ठेवा, कारण गुलाबी लगेच दिसत नाही. पथकाने ते टी-शर्ट सरावाला घातले. दहीहंडीच्या दिवसासाठी मी नवे करून दिले, माझ्या खर्चाने.

कोपरा सुटतोय, ही तक्रार सगळ्यांची. तो कोणता कोपरा, हे आधी बघा. प्रत्येक टी-शर्टवर एकच कोपरा सुटत असेल तर व्हिनाइल बदलून काही होणार नाही. प्रेस थंड असताना चारही कोपऱ्यांत कागदाची पट्टी ठेवून बंद करा आणि ओढा. जी पट्टी सहज निघते तिथे दाब कमी. दाब ठीक असेल तर तापमान. डिस्प्लेवर १५० दिसतं म्हणून कोपऱ्यातही १५० असतं असं नाही. स्वस्त प्रेसमध्ये मधे आणि कडेला चांगलाच फरक पडतो. तापमानाच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या पाच जागी लावून एकदा नोंद करून ठेवा आणि डिझाइन भरवशाच्या भागातच ठेवा. शिवण, चेन किंवा बटण मधे येत असेल तर टी-शर्टच्या आत फोमचा तुकडा घाला, म्हणजे प्लेट उंचवट्यावर न टेकता कापडावर टेकेल.

जून ते सप्टेंबर मात्र कोपरा सुटला की आधी हवेवर संशय घ्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात सुती कापड दमट असतं. डिझाइन ठेवण्याआधी नुसता टी-शर्ट पाच सेकंद दाबा. पहिल्यांदा कराल तेव्हा वाफ डोळ्यांनी दिसेल. सब्लिमेशनचा कागदही ओल धरतो आणि छाप पसरते. कटरवाल्यांची वेगळीच रड: जुलैत कार्डस्टॉक (जाड कागद) मऊ पडतो, ब्लेड नवं असूनही कड केसाळ येते, आणि आपण उगाच ब्लेडची खोली वाढवत मॅट कापत बसतो. कागद हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. पुड्या नव्या बुटांच्या खोक्यात फुकट येतात, मी तर नातेवाइकांकडून गोळा करते.

राहिला शेवटचा प्रश्न, तो हमखास येतो: "कटर घेतला, तर कापडाचं घरच्या इस्त्रीवर भागेल का?" छातीवरचं छोटं नाव, पिशवीवरचं लहान चित्र भागतं. वाफ बंद, पाणी रिकामं, इस्त्रीच्या मऊ गादीऐवजी लाकडी पाट. इस्त्री फिरवायची नाही, एका जागी जोर देऊन धरायची, १०-१५ सेकंद, मग उचलून पुढच्या जागी. मधे बटर पेपर. वाफेच्या भोकांखालचा भाग तापत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीला इस्त्री थोडी सरकवून ठेवायची. पाठभर डिझाइन, डीटीएफचे गठ्ठे किंवा सब्लिमेशन यासाठी इस्त्रीच्या नादी लागू नका. महिन्याला पाच-सहा टी-शर्टच्या वर काम गेलं की प्रेसचे पैसे बाजूला टाकायला लागा. तोवर गिऱ्हाइकाला टी-शर्ट देताना एवढं सांगा: पहिला दिवस धुवू नका, नंतर उलटा करून धुवा, आणि छापावर थेट इस्त्री नको.