गॉथिक फँटसी प्रेमकथेतला खून वाचताना या चुका टाळा

‘दीडशे पानं झाली, अजून खुनाचा तपास जागचा हलत नाही.’ ‘घरात प्रेत पडलंय आणि ही दोघं बागेत फिरतायत कशाला?’ ‘शेवटी सगळं जादूनेच सुटलं, मग मी डोकं कशाला चालवलं?’

खुनाचं रहस्य असलेली गॉथिक फँटसी प्रेमकथा (म्हणजे जुनी हवेली, घराण्याची गुपितं, धास्ती आणि जादू यांच्या सावलीतली प्रेमकथा) अर्ध्यात ठेवणारे वाचक भेटले की या तीनपैकी एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. पहिल्याला रहस्यकथा हवी होती, दुसऱ्यालाही तीच हवी होती पण प्रेमाशिवाय, आणि तिसऱ्याला जादू नको होती. तिघांनीही एकाच पुस्तकातला आपल्या आवडीचा भाग तेवढा वाचला आणि बाकीचा सहन केला. या प्रकारच्या पुस्तकांचा खरा घोटाळा तिथेच होतो. इथे प्रेम, खून आणि अद्भुत ही तीन पेडांची वेणी असते. एक पेड हातातून सुटला की उरलेले दोन धरून काही उपयोग नसतो.

ही वीण आजकालची नाही. होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ 1764 च्या अखेरीस आली आणि गॉथिक कादंबरीची सुरुवात तिथून मानतात. तिच्या पहिल्या काही पानांतच लग्नाचा दिवस आहे, किल्ल्यात माणसं जमली आहेत, आणि कुठून आलं ते कोणालाच न कळलेलं एक अवाढव्य शिरस्त्राण अंगणात कोसळून नवरदेव त्याखाली चिरडला जातो. लग्न, मृत्यू आणि अद्भुत एकाच प्रसंगात.

घराची वर्णनं गाळू नका

सर्वांत जास्त वाचक इथे हुकतात. पडकी हवेली, ओलसर जिने, बंद ठेवलेला पश्चिमेचा सोपा, खिडकीवर घासणाऱ्या फांद्या असं सुरू झालं की नजर आपोआप पुढच्या संवादाकडे धावते. मीही कित्येक वर्षं तशीच वाचत होते. मग एका कादंबरीत शेवटाला पोचल्यावर कळलं की खुनी कोण ते ज्या एका ओळीतून ओळखता आलं असतं, ती जिन्याच्या वर्णनात होती. सगळ्या पायऱ्यांवर धूळ होती, फक्त वरच्या तीन पायऱ्या स्वच्छ होत्या. त्या बंद मजल्यावर कोणीतरी रोज वावरत होतं. मी ते अख्खं पान ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून चाळून सोडलं होतं.

गॉथिक घराचं वर्णन हा घटनास्थळाचा पंचनामा समजून वाचा. किल्ल्या कोणाकडे आहेत? कुठल्या खोलीतला आवाज कुठे ऐकू येतो? कुठला भाग बंद आहे, आणि तो बंद असल्याचं नेमकं कोण सांगतंय? एका कागदावर घराचा ओबडधोबड नकाशा काढत गेलात तर उत्तमच. तो बरोबर असण्याची गरज नाही. कुठे जागा उरतेय आणि कुठे दोन खोल्यांचा मेळ बसत नाही एवढं दिसलं तरी पुरे, कारण लपवलेली खोली बहुतेक वेळा तिथेच सापडते.

वर्णनांचा कंटाळाच येत असेल, तर त्यामागे अपेक्षेचा घोळ असू शकतो. गॉथिक कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांनी एका निबंधात (तो त्यांच्या मृत्यूनंतर 1826 मध्ये छापला गेला) भीतीच्या दोन जाती वेगळ्या केल्या आहेत. एक धास्तीची, जी मनाला जागं आणि सावध करते. दुसरी समोर काहीतरी भयानक दिसल्यावरची, जी मनाला गोठवून टाकते. गॉथिक लेखन बरंचसं पहिल्या जातीवर जगतं. दर वीस पानांनी किंकाळी हवी असेल तर भूक वेगळ्या पुस्तकाची आहे.

जादू आली म्हणजे तर्क संपला असं धरू नका

या चुकीवर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण चांगल्या चांगल्या रहस्यकथा वाचणारे इथे अडतात. त्यामागे जुनं कारण आहे. रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी 1928 मध्ये रहस्यकथेचे वीस नियम लिहिले आणि त्यात प्रेमप्रकरणाला जागा ठेवली नाही. दुसरे रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये दहा नियम दिले. त्यांत अलौकिक शक्तींना सरसकट मनाई होती, आणि गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको असंही होतं. म्हणजे आपण ज्या पुस्तकांबद्दल बोलतोय ती या नियमांच्या बाहेरच जन्माला आली आहेत. पण नॉक्स यांचा आणखी एक नियम आहे: तपास करणाऱ्याला जो धागा सापडेल तो त्याने लगेच वाचकांसमोर ठेवला पाहिजे. तो नियम इथेही पूर्ण लागू आहे. फरक इतकाच की इथे धागा जादूचाही असू शकतो.

म्हणून जादूचा नियम आला की पेन्सिलीने खूण करा. तो कायदा आहे. काय करता येतं यापेक्षा काय करता येत नाही, कशाची किंमत मोजावी लागते, कोणाला ती जादू वापरता येत नाही, हे महत्त्वाचं. खुनाचं कोडं त्या मर्यादेतच दडलेलं असतं.

एक उदाहरण रचून पाहू. समजा एका गढीत अशी रीत आहे की मेलेल्या माणसाला त्याच रात्री एक प्रश्न विचारता येतो, आणि मेलेला माणूस खोटं बोलू शकत नाही. म्हाताऱ्या मालकाचा खून होतो. नायिका विचारते, ‘तुम्हाला कोणी मारलं?’ उत्तर येतं, ‘माझ्या मुलाने.’ मालकाला एकच मुलगा, आणि नायिकेचा जीव नेमका त्याच्यावर जडलेला. उतावळा वाचक इथे पुस्तक मिटतो. खुनी सापडला, आता तीनशे पानं कशाची वाचायची?

नियम पुन्हा वाचा. मेलेला खोटं बोलत नाही, इतकंच सांगितलंय. ‘एकुलता एक’ हे त्याने म्हटलेलं नाही, ते घरातल्यांनी म्हटलेलं आहे. आता प्रश्न बदलतो: या माणसाला आणखी मुलगा होता का, आणि ते कोणाला माहीत होतं? एका जादूच्या उत्तराने खून, घराण्याचं लपवलेलं पाप आणि नायिकेचा विश्वास या तिन्हींना एकदम हात घातला. असं जमून येतं तेव्हा हा साहित्यप्रकार काय करू शकतो ते दिसतं, आणि मला तो इतका प्रिय आहे तो यासाठीच.

उलट चूकही होते. काही वाचक आधीच ठरवतात की भूत वगैरे काही नाही, शेवटी माणसाचंच कारस्थान निघणार. रॅडक्लिफ यांच्या परंपरेत तसं होतं. तिथे भुतांच्या खुणांना अखेर लौकिक कारण मिळतं. वॉलपोल यांच्या वाटेने गेलेल्या कथेत मात्र अद्भुत खरंच अद्भुत असतं. तुमचं पुस्तक कुठल्या वाटेचं, हे पहिल्या चौथाईत निकालात काढू नका. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून वाचलं तर धास्तीही टिकते आणि तपासही.

‘तो नायक आहे, म्हणजे खुनी नाही’

प्रेमकथेच्या वाचकाची ही खास चूक. मुखपृष्ठावर तो आहे, त्याच्या डोळ्यांचं वर्णन चारदा आलंय, म्हणजे तो सुटला. रहस्यकथेचा वाचक नेमका उलटा चुकतो: तो अबोल आहे, रात्री गायब होतो, पहिल्या बायकोबद्दल बोलत नाही, म्हणजे तोच. दोघेही पुराव्याऐवजी साहित्यप्रकाराच्या ठरावीक साच्यावर निकाल देतायत.

शार्ल पेरो यांची ‘ब्लूबिअर्ड’ ही 1697 ची कथा आठवा. नवरा किल्ल्या देतो, एक खोली उघडू नकोस म्हणून बजावतो. बायको उघडते, आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेतं. हातातून किल्ली पडते, तिला रक्त लागतं, आणि ती किल्ली मंतरलेली असल्याने डाग एका बाजूने पुसला की दुसऱ्या बाजूने उमटतो. प्रेमाच्या घरातला खुनी, बंद खोलीतला पुरावा आणि तिच्यावरच उलटणारी जादू. पुढच्या कितीतरी गॉथिक प्रेमकथा या खोलीच्या दाराशी उभ्या आहेत. काहींत नवरा खरंच खुनी निघतो, काहींत ती खोली दुसऱ्याच कोणाची असते.

म्हणून नायकाबद्दल ‘खुनी आहे की नाही’ असं विचारण्याऐवजी ‘हा काय लपवतोय’ असं विचारा. तो काहीतरी लपवतच असतो. पण त्याचं गुपित आणि खून या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि लेखक त्या दोन्ही तुमच्या मनात मुद्दाम एक करत असतो. हाच चकवा. त्यात सापडलात की फिरून फिरून त्याच बांधावर येता.

प्रेमाचे प्रसंग ‘तपास थांबला’ म्हणून भरभर उरकू नका. एरवी कोणी तोंड उघडत नाही अशा घरात माणसं खरं बोलतात ती बहुधा इथेच. प्रत्येक प्रसंगानंतर क्षणभर थांबून पाहा: आता कोणाला काय कळलं, आणि कुठल्या प्रश्नाला उत्तर न देता विषय बदलला गेला?

आणखी एक. गोष्ट नायिका सांगत असेल तर लक्षात ठेवा, ही प्रेमात पडलेली साक्षीदार आहे. तिने जे पाहिलं त्यावर विश्वास ठेवा, तिने त्यावरून जो निष्कर्ष काढला तो तपासून घ्या. ‘त्याचे हात गार होते’ हे निरीक्षण. ‘बिचारा किती वेळ थंडीत माझी वाट पाहत होता’ हा निष्कर्ष. कदाचित तो तळघरातून आला असेल.

डायऱ्या आणि पत्रं

भिंतीत सापडलेली डायरी खरीच आहे असं मानू नका. कोणी लिहिली, कोणासाठी, मधली पानं कोणी फाडली आणि आत्ताच कशी सापडली, ते विचारा. ‘ओट्रान्टो’ची पहिली आवृत्तीच एका जुन्या इटालियन कथेचं भाषांतर म्हणून छापली होती. ती आपणच रचली हे वॉलपोल यांनी 1765 च्या दुसऱ्या आवृत्तीत कबूल केलं, आणि ‘गॉथिक कथा’ हे उपशीर्षकही तेव्हाच जोडलं.

नेहमीच्या अडचणी

नावं लक्षात राहत नाहीत: आजोबा, काका आणि नातू तिघांचं एकच नाव असणं या पुस्तकांत नेहमीचं आहे, आणि बऱ्याचदा मुद्दाम केलेलं. नावापुढे नातं आणि ‘खुनाच्या रात्री कुठे’ एवढंच लिहा. विसरलेलं पात्र इंटरनेटवर शोधू नका. नाव टाइप करताच सर्च बॉक्स पुढे ‘मरतो का’ असं सुचवतो आणि मजा गेली. ई-बुक असेल तर पुस्तकातच नाव शोधा, म्हणजे ते पात्र पहिल्यांदा कुठे आलं ते सापडतं. मात्र तुम्ही पोचलात त्याच्या पुढचे निकाल पाहू नका.

ऑडिओबुक ऐकताय: छापील पुस्तकातला नकाशा आणि वंशावळ तुमच्यासमोर नसते. घराचं वर्णन येणारी प्रकरणं तरी दुसरं काम करत ऐकू नका.

मालिका आहे: अशा मालिकांत अनेकदा खून त्या-त्या भागात सुटतो आणि प्रेम शेवटच्या भागापर्यंत ताटकळत राहतं. तिसऱ्या भागापासून सुरुवात केलीत तर पहिल्या भागाचा खुनी कोण ते गप्पांच्या ओघात कळून जाईल. आधी क्रम पाहा.

प्रसंग झेपत नाहीत: हिंसा, कोंडून ठेवणं, मुलांचे मृत्यू हे या पुस्तकांत येतं. सुरुवातीला इशारा छापलेला असेल तर तो वाचा, त्याने रहस्य फुटत नाही.

खुनी लवकर ओळखला: ‘कोण’ कळलं म्हणून संपलं असं नाही. ‘का’ आणि ‘कसं’ बाकी असतं, आणि गॉथिकमध्ये ‘का’चं उत्तर बहुतेकदा तीस वर्षं मागे असतं. अर्धं पुस्तक झालं की अंदाज एका चिठ्ठीवर लिहून पानांत ठेवा. मनातला अंदाज आपण नकळत बदलत राहतो आणि शेवटी ‘मला माहीतच होतं’ म्हणतो.

कधीकधी चूक पुस्तकाचीच असते

सगळा दोष वाचकाने अंगावर घेऊ नये. शेवटच्या तीन प्रकरणांत अचानक नवी शक्ती उगवली आणि तिनेच खुनी पकडला, तर ती फसवणूक आहे. ज्याचं नाव आधी एकदाही आलं नाही तो खुनी निघाला, तीही. नायिकेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट केवळ कथा लांबावी म्हणून दोनशे पानं आठवली नाही, तर लेखकाला जाब विचारा. अशी पुस्तकं अर्ध्यात सोडण्यात काहीही गैर नाही.

पण पुस्तक प्रामाणिक निघालं, तर ते मिटल्यावर लगेच पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. दहा मिनिटं लागतात. मघाशी रचलेल्या गढीतच जाऊ. नायिका पावसात गाडीतून उतरते, तबेल्यातला पोरगा पुढे येऊन घोड्याचा लगाम धरतो, कंदिलाच्या उजेडात त्याची मधेच तुटलेली भुवई दिसते. ती दिवाणखान्यात जाते, भिंतीवर मालकाच्या वडिलांची तसबीर आहे, वर्णन चार ओळींचं, त्यात तशाच तुटलेल्या भुवईचा ओझरता उल्लेख. पहिल्या वाचनात तुम्ही त्या दोघांच्या मधून सरळ नायकाकडे चालत गेलात. या वेळी तबेल्याच्या दाराशी थांबाल.