जुने चांदीचे चमचे जमवताय? या चुका टाळा

चमचा चांदीचा आहे हे एकदा कळलं की काम फत्ते, असं नव्या संग्राहकाला वाटतं. खरं तर ते सर्वांत सोपं काम. कुठलाही सराफ मशीनवर ठेवून दोन मिनिटांत टंच सांगतो. पण चमचा कुठला, कुठल्या काळातला आणि घडवला तेव्हा होता तसाच आज आहे का, हे तो सांगत नाही. त्याच्या लेखी तो मोडीत घालायचा एक डाग. संग्राहकाचे पैसे बुडतात ते याच प्रश्नांवर.

आपल्याकडे जुने पाश्चात्त्य चमचे येतात ते चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरून, जुन्या बंगल्यांच्या आवराआवरीतून, लिलावातून किंवा परदेशातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून. त्यात इंग्लिश माल सर्वांत जास्त, म्हणून इथे भर इंग्लिश चमच्यांवर आहे.

छाप दिसले की चांदी समजणे

दांड्याच्या मागे ओळीने चार-पाच ठसे, प्रत्येक ठसा आपापल्या चौकटीत. बघणाऱ्याला वाटतं, हॉलमार्क. भिंग लावलं की त्या चौकटींतली अक्षरं निघतात ई, पी, एन, एस. म्हणजे निकल सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने 1840 मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चकाकी आली. निकल सिल्व्हर, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी औषधालाही नाही. चार चौकटींची मांडणी मात्र अस्सल हॉलमार्कसारखी दिसावी म्हणून मुद्दाम केलेली. ‘ए वन’ हा शिक्का मुलाम्याच्या दर्जाचा आणि ‘शेफील्ड’ हे गावाचं नाव. दोन्हींचा चांदीशी संबंध नाही. मॅपिन अँड वेब, वॉकर अँड हॉल यांसारख्या नामांकित कंपन्या चांदीचे आणि मुलाम्याचे, दोन्ही प्रकारचे चमचे बनवत, त्यामुळे नुसतं नाव वाचून खूश होऊ नका. रेल्वे, आगबोट कंपन्या आणि क्लबांची चिन्हं असलेले चमचे बहुधा मुलाम्याचेच असतात. इतिहास म्हणून ते जरूर घ्या, चांदीच्या भावाने घेऊ नका.

शोधायचा तो एक पंजा उचलून चालणारा सिंह. 1544 पासून इंग्लंडमध्ये हा ठसा उमटतो आहे आणि त्याचा अर्थ स्टर्लिंग, म्हणजे 92.5 टक्के चांदी. सिंह नाही म्हणून चमचा फेकूनही देऊ नका. 1697 ते 1720 या काळात इंग्लंडमध्ये 95.84 टक्क्यांचा ब्रिटानिया दर्जा सक्तीचा होता. त्या चमच्यांवर सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया असते. जर्मन चमच्यावर चंद्रकोर, मुकुट आणि 800 हा आकडा असतो, जुन्या रशियन चमच्यावर 84. ते 84 टक्के नव्हे. रशियन मापात 96 पैकी 84 भाग, म्हणजे 87.5 टक्के.

लोहचुंबकावर विश्वास

चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं. पण पितळ चिकटत नाही, तांबं चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. चमचा चिकटला तर तो चांदीचा नाही, एवढंच कळतं. न चिकटला तर काहीच कळत नाही.

त्यापेक्षा पाण्याची परीक्षा करा. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. चमचा कोरडा तोला. समजा 40 ग्रॅम भरला. आता पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि चमचा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा लोंबकळत धरा. काटा जो आकडा दाखवेल, तेवढ्या वजनाचं पाणी चमच्याने बाजूला सारलं. स्टर्लिंग असेल तर साधारण 3.9 ग्रॅम, जर्मन सिल्व्हर असेल तर 4.6 च्या आसपास. चमच्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर बोटाने झटका, नाहीतर आकडा फसवतो. टीस्पून फार हलका असल्यामुळे त्यावर फरक नीट कळत नाही. एकसारखे तीन-चार एकत्र बांधून बुडवा. ॲसिडचा थेंब आणि कानशीची रेघ मात्र नको. दुकानदाराने “घासून दाखवतो” म्हटलं की हात धरा.

उलट दिशेचीही एक गफलत होते. स्टर्लिंग चमच्यावर कधी कधी जांभळट-करडे ढग दिसतात, मग लोक म्हणतात मुलामा उडाला. तो मुलामा नसतो. घडवताना तापवल्यामुळे मिश्रणातल्या तांब्याचा पृष्ठभागाखाली झालेला ऑक्साइड असतो तो. मुलामा उडतो तो झिजणाऱ्या जागी, विशेषतः चमचा टेबलाला टेकतो त्या वाटीच्या पाठीवर, आणि तिथून पिवळट-करडी धातू डोकावते.

एका अक्षरावरून साल ठरवणे

लंडनच्या हॉलमार्कमध्ये सालाचं एक अक्षर असतं आणि वीस अक्षरं संपली की चक्र पुन्हा सुरू होतं. त्यामुळे नुसतं ‘स्मॉल ए’ वाचून साल ठरत नाही. उदाहरणार्थ, ते 1776 चं असेल, 1816 चं असेल किंवा 1856 चं. अक्षराचं वळण आणि चौकटीचा आकार तक्त्याशी ताडून बघावा लागतोच. पण त्याआधी शेजारचे ठसे बरंच सांगून जातात. 1784 ते 1890 या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं उमटवत. चांदी तपासून ठसे मारणाऱ्या लंडनच्या कार्यालयाची खूण म्हणजे बिबळ्याचं डोकं. त्यावर 1821 पर्यंत मुकुट होता, नंतर गेला. म्हणून या तिन्हींपैकी निवडायचं तर: मुकुट आहे, राजाचं डोकं नाही, तर 1776. मुकुट आहे आणि डोकंही आहे, तर 1816. मुकुट गेला आणि डोकं राणीचं, तर 1856. शिवाय जुन्या काळी अक्षर मे महिन्यात बदलायचं, त्यामुळे ‘1816’ म्हणजे 1816-17 असं वाचा.

ठसे कुठे आहेत तेही बघा. साधारण 1780 पर्यंत ते दांड्याच्या खालच्या अंगाला, वाटीजवळ मारत. पुढे ते वर, टोकाकडे गेले. खालचे ठसे मारल्यावर दांडा पुन्हा नीट करताना ते दबत, ताणले जात. ते वेडेवाकडे दिसतात म्हणून चमचा खोटा ठरत नाही. 1750 च्या चमच्यावर कोरे करकरीत, ओळीत उभे ठसे दिसले, की मी उलट जास्त सावध होतो.

बदललेला चमचा मूळचा समजणे

सर्वांत महागात पडते ती ही चूक. कारण इथे चांदी खरी, ठसे खरे, टंचही बरोबर. खोटी असते ती वस्तू.

बाजारात ‘जॉर्जियन बेरी स्पून’, म्हणजे जॉर्ज नावाच्या इंग्लिश राजांच्या काळातले, म्हणून मिळणारे चमचे घ्या. वाटीत उठावाची द्राक्षं, नासपती, वर सोन्याचा मुलामा, दांड्यावर वेलबुट्टी. ठसे 1790 चे. मूळचा तो साधा टेबलस्पून. नक्षी पुढे राणी व्हिक्टोरियाच्या काळात ठोकून काढलेली. ‘बेरी स्पून’ म्हणून घ्यायला हरकत नाही, लग्नात भेट द्यायला लोक हौसेने घेतातही. मला स्वतःला ते अजिबात रुचत नाहीत. साध्या, देखण्या दांड्यावर केलेली ती जबरदस्ती वाटते. पण आवड काहीही असो, 1790 ची किंमत त्याला देऊ नका. वेलबुट्टीची रेघ ठशाच्या अंगावरून गेलेली दिसली, की आधी काय झालं आणि नंतर काय, हे वेगळं सांगायला नको.

जॉर्जियन काटे चमच्यांपेक्षा दुर्मीळ, म्हणून टेबलस्पूनची वाटी कापून काटे केले गेले. अशा काट्याचे दात कागदासारखे पातळ लागतात, कारण वाटीचा पत्रा मुळातच पातळ. ब्रिटनमध्ये हॉलमार्क असलेल्या वस्तूत तपासणी कार्यालयाच्या परवानगीशिवाय असा बदल करणं कायद्याने गुन्हा आहे. चहाच्या डब्यातला छोटा कॅडी स्पून आणि चहातला चोथा गाळायचा छिद्रांचा मोट स्पून यांना संग्राहक चांगली किंमत देतात. परिणाम उघड आहे: साध्या टीस्पूनचे दांडे तोडून आणि वाट्यांना भोकं पाडून दोन्ही ‘तयार’ होतात. अपॉसल स्पूनच्या टोकावर ख्रिस्ताच्या शिष्याची मूर्ती असते. पूर्ण संच तेरांचा, बारा शिष्य आणि स्वतः ख्रिस्त. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या अस्सल चमच्याची वाटी अंजिराच्या आकाराची असते आणि लंडनच्या चमच्यात बिबळ्याचं डोकं वाटीच्या आत ठोकलेलं असतं. अठराव्या शतकातला चमचा ठोकून, टोकावर मूर्ती डाखून केलेल्या नकलेत ठसे भलत्याच जागी सापडतात.

हे पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. चमचा तोंडाजवळ धरून त्यावर हळूच वाफ सोडा, चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी. वाफ विरताना डाख दिलेल्या जागेची रेघ आणि घासून काढलेल्या आद्याक्षरांची सावली क्षणभर दिसते. मग दांडा चिमटीत धरून बोट फिरवा. नाव घासून काढलेलं असेल तिथे पत्रा खोलगट आणि पातळ लागतो.

सहाच्या संचात सहाही चमचे एकमेकांशेजारी ठेवून ठसे बघा. हाताने मारलेले ठसे प्रत्येक चमच्यावर थोडे इकडे-तिकडे, थोडे तिरके असतात. सहाही चमच्यांवर तोच ओरखडा, तोच पोचा, त्याच जागी सापडला तर एका अस्सल चमच्यावरून साचा काढून बाकीचे ओतलेले आहेत. हेस्टर बेटमन या लंडनच्या चांदीकारीण बाईंनी 1761 मध्ये आपला ठसा नोंदवला आणि 1790 पर्यंत कारखाना चालवला. त्यांच्या नावाला आज वेगळा भाव आहे, म्हणून तो ठसा दिसला की आनंदाआधी भिंग काढा.

पिवळा दिसला म्हणजे सोन्याचा

भरीव सोन्याचे जुने चमचे सामान्य बाजारात जवळजवळ येतच नाहीत. ब्रिटनच्या राजाला अभिषेक करताना वापरतात तो बाराव्या शतकातला चमचासुद्धा चांदीचा आणि वर सोन्याचा मुलामा दिलेला आहे. 1649 मध्ये राजचिन्हं वितळवली तेव्हा तो विकला गेल्यामुळे वाचला. 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या अभिषेकातही तोच होता. राजाला चालतं, तर विक्रेत्याने “मॅडम, प्युअर गोल्ड” म्हणायचं कारण नाही.

मिठाच्या आणि अंड्याच्या चमच्यांच्या वाटीला आतून सोन्याचा मुलामा असतो तो थाटासाठी नव्हे. मीठ चांदी खातं आणि अंड्यातलं गंधक तिला काळं करतं. असा चमचा घेताना वाटीतला मुलामा शाबूत आहे का ते बघा. नव्याने चढवलेलं सोन्याचं पाणी भडक आणि सगळीकडे सारखं दिसतं, जुन्याची कडा झिजलेली असते.

सिंह नाही म्हणून भारतीय चमचा सोडणे

ब्रिटिश काळात भारतात चांदी तपासून ठसे मारणारं इंग्लंडसारखं कार्यालयच नव्हतं. त्यामुळे कलकत्त्याच्या हॅमिल्टन अँड कंपनीच्या किंवा मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सच्या चमच्यावर चालता सिंह शोधत बसू नका. तिथे कंपनीची अक्षरं आणि स्वतःच्या खुणा असतात. हॅमिल्टनच्या मालावर हत्ती सापडतो. भुजच्या उमरसी मावजींच्या चमच्यावर ‘ओ. एम.’ एवढी दोन अक्षरं मिळतात आणि कच्छी नक्षी इतकी दाट असते की सुईच्या टोकाएवढीही जागा मोकळी राहत नाही. हे चमचे बऱ्याचदा तशाच इंग्लिश चमच्यापेक्षा जास्त किमतीला जातात, आणि आपल्याकडे मात्र वजनावर मोडीत जातात. दोन अक्षरं ठोकणं अवघड नाही, म्हणून इथे ठशापेक्षा कामाची प्रत आधी बघा.

सणाच्या आदल्या दिवशीची घासाघीस

रांगोळी, राख, टूथपावडर, टूथपेस्ट: देवघरातल्या पळी-पंचपात्रावर पिढ्यान्‌पिढ्या जे चाललं ते इथे चालणार नाही. प्रत्येक घासणीत ठशाचा वरचा थर जातो आणि ठसा गेला की चमच्याचं वय सांगणारं काही उरत नाही. सराफाकडे “जरा पॉलिश करून द्या” म्हणून देणं तर त्याहून वाईट, कारण बफचं चाक नक्षीच्या कडा गोल करून टाकतं. ॲल्युमिनियम फॉइल, सोडा आणि गरम पाणी या उपायाने काळेपणा जातो, पण नक्षीच्या खोबणीतला जो काळा रंग कामाला उठाव देतो तोही जातो. मुलाम्याच्या आणि मिनाकारीच्या चमच्यांना तो उपाय करूच नका.

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड आणि लगेच कोरडं करणं एवढं पुरे. ठेवताना रबरबँड लावू नका. रबरातलं गंधक बसतं तिथे काळी पट्टी उमटते आणि ती काढायला पुन्हा घासावं लागतं. लोकरीचं कापडही नको. धुतलेलं जुनं सुती कापड चालतं.

वजन न करता भाव करणे

65 ग्रॅमच्या स्टर्लिंग टेबलस्पूनमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाच्या भावाने गुणलं की तळाची किंमत निघते. त्याच्यावर जे मागितलं जातंय ते कशाचं, हे विक्रेत्याला विचारा: कारागिराचं नाव, साल, नमुना की वाटीची अवस्था? वाटीचं टोक एका बाजूने झिजलेलं असेल किंवा झीज लपवायला कापून गोल केलेलं असेल, तर वरची रक्कम बरीच खाली यायला हवी. चांदी वधारली की साधे जुने चमचे भट्टीत जातात, म्हणून तेजीत घाईने विकणाऱ्याकडे कधी कधी चांगला नग वजनाच्या भावात सापडतो.

कागद न बघता परदेशी पाठवणे

1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीतल्या भाचीच्या लग्नात 1880 चा हॅमिल्टनचा संच द्यायचा बेत असेल तर तो इथेच थांबतो. 1930 च्या सुमाराचा भुजचा चमचा असेल तर निघण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरातन वस्तू नाही’ असा दाखला घ्या. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगून पटत नाही. आणि आतेभावाने लंडनहून 1810 चा चमचा आणलाच, तर तिथली पावती आणि येतानाचे कस्टम्सचे कागद त्या चमच्याबरोबरच ठेवा. उद्या तो परत न्यायची वेळ आली, तर तो बाहेरून आला होता हे दाखवायला तेवढाच पुरावा हाताशी असतो.