बी.ए. झाल्यावर विज्ञान शिकायचंय? या चुका टाळा

बी.एस्सी.च्या प्रवेशाला तुमच्या बी.ए.ची किंमत शून्य. ऐकायला कडू आहे, पण सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. पदवी हातात आहे म्हणजे एक-दोन वर्षं वाचतील, थेट दुसऱ्या वर्षाला घेतील, अशी आशा धरून लोक जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत जून-जुलै घालवतात. प्रवेशाला बघतात ती बारावी, आणि तीही विज्ञानाची. राज्यशास्त्रात फर्स्ट क्लास असला तरी क्लार्क फाइल परत देतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

मग बारावीचे विषय नव्याने करायचे. त्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे सगळे जिला एनआयओएस म्हणतात ती, नोकरी किंवा शेती सांभाळणाऱ्याला सोयीची पडते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि नोंदणी पाच वर्षं चालते. आधीच बारावी झालेल्याला फक्त हवे ते विषयही घेता येतात. इथेच लोक घाई करतात. आर्ट्सची जुनी बारावी आणि वर नव्याने काढलेले भौतिक, रसायन, गणित, अशी जोड तुम्हाला हवं ते कॉलेज आणि विद्यापीठ चालवून घेतं का, हे फी भरायच्या आधी लेखी विचारा. "होऊन जाईल भाऊ" हे उत्तर धरू नका. केंद्र निवडतानाही तेच. धडगाव-अक्कलकुव्याकडच्यांना जवळचं केंद्र हवंसं वाटणारच, पण तिथे विज्ञानाचे विषय आहेत का, प्रयोगशाळा आहे का, हे एकदा जाऊन डोळ्यांनी बघून या.

दुसरी चूक म्हणजे विज्ञान म्हटलं की बी.एस्सी.च, असं धरून बसणं. बी.ए.ला भूगोल असेल तर त्याच विषयात एम.एस्सी. कुठे करता येते ते आधी बघा. एम.सी.ए.ला, म्हणजे संगणकातल्या पदव्युत्तर पदवीला, पदवी कुठलीही चालते, बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. नसेल तर ब्रिज कोर्सची, म्हणजे ती उणीव भरून काढणाऱ्या छोट्या अभ्यासक्रमाची, सोय आहे का ते विचारा. नर्सिंगमध्ये बी.एस्सी.ला जीवशास्त्राची बारावी लागते, पण जी.एन.एम.ला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, आर्ट्सची मुलंमुलीही बसतात, फक्त इंग्रजीत आणि एकूणात किमान ४० टक्के हवेत. डॉक्टर व्हायचं असेल, तर नीटची कमाल वयाची अट २०२२ मध्ये निघाली आहे. मात्र वयाची अट गेली तरी स्पर्धा काही कमी झालेली नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पैशाच्या बाबतीतली चूक सगळ्यात महाग पडते, कारण ती प्रवेश झाल्यावर कळते. भारत सरकारच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा नियम असा, की एक टप्पा पूर्ण करून त्याच टप्प्यावर दुसरा विषय शिकणाऱ्याला ती मिळत नाही. बी.ए.नंतर बी.एस्सी. म्हणजे नेमकं तेच. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म भरला जातो, पुढे तो रद्द होतो आणि तोवर फीचा हप्ता उभा राहतो. म्हणून शिष्यवृत्ती नाहीच असं धरून खर्चाचा हिशेब करा. पैसे मिळाले तर वरचे समजा.

आता अभ्यास. बी.ए.चा हात वाचायला बसलेला असतो. अपेक्षित प्रश्नसंच आणा, आदल्या रात्री जागा आणि पेपरात चार पानं भरा, हे तिथे खपून जातं. भौतिकशास्त्रात सोडवलेलं उदाहरण वाचून "कळलं" वाटतं, पण पुस्तक मिटलं की पेन हलत नाही. तेव्हा दिवसाला कमी उदाहरणं घ्या, पण ती उत्तर झाकून सोडवा, आणि प्रत्येक ओळीत एकक लिहा. दहावीला सामान्य गणित घेतलेल्यांनी तर अकरावीचं पुस्तक उघडूच नये. आधी नववी-दहावीचं बीजगणित आणि भूमिती संपवा. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात, त्यामुळे पैशाची सबब नको.

लॉगरिथमला बरेच जण घाबरून वळसा घालतात. पण माती परीक्षणाचा कागद घरात असेलच, त्यावरचा सामू (पीएच) बघा, तो लॉगरिथमनेच मोजलेला असतो. एका शेताचा ७.२ आणि शेजारच्याचा ८.२ आला की फरक "एकाचाच तर आहे" असं वाटतं. हायड्रोजन आयन मात्र पहिल्या मातीत दहापट जास्त असतात. ७.९ आणि ८.२ यांच्यातला इवलासा फरकसुद्धा जवळजवळ दुप्पट निघतो, कारण दहाचा ०.३ घात म्हणजे साधारण दोन. हे एकदा स्वतः मांडून बघितलं, की सामूचा धडा पाठ करावा लागत नाही.

प्रयोगाचे तास बुडवू नका. टायट्रेशनला, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून सोडत त्याची तीव्रता काढण्याच्या प्रयोगाला, नवखा हात नेहमी घसरतो. फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक टाकलेल्या आम्लात ब्युरेटमधून (खुणांच्या, तोटीच्या उभ्या नळीतून) अल्कली सोडताना छान गडद गुलाबी रंग आला की काम झालं असं वाटतं. तिथे अंतिम बिंदू कधीच मागे गेलेला असतो. फिकट गुलाबी रंग हलवल्यावरही अर्धा मिनिट टिकला, की थांबायचं. शेवटी शेवटी थेंबाथेंबानेच सोडा. डोळे द्रवाच्या पातळीला आणून खालच्या वळणावरचं रीडिंग घ्या. आणि एखादं रीडिंग बाकीच्यांशी जुळलं नाही तर शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवू नका. त्यावर एक रेघ मारा, ब्युरेट भरा आणि परत करा.