आधी पाटी वाचा, मग इंजिन बघा

लेक लीड्सला असते, म्हणून माझं तिकडं दोनदा जाणं झालं. संग्रहालयातलं जुनं इंजिन दिसलं की लोक रंगाचे फोटो काढतात. मी नॅरोगेजवर फिटर होतो, माझा हात आधी पाटी शोधतो. ती कशी वाचायची ते सांगतो.

कॅबवर रंगवलेला मोठा आकडा सोडून द्या. तो रेल्वेनं दिलेला नंबर, मालक बदलला की तोही बदलतो. तुम्हाला हवी ती धातूची छोटी पाटी. ती कॅबच्या पत्र्यावर, फ्रेमवर किंवा स्मोकबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरपुढच्या धुराच्या डब्याच्या, बाजूला असते. तिच्यावर कारखान्याचं नाव, साल आणि कारखान्याचा अनुक्रमांक मिळतो. रंगाचे थर चढून अक्षरं बुजली असतील तर टॉर्च समोरून मारू नका, पाटीला लागून आडवा धरा. सावली पडली की अक्षर उठतं. तरी नाही जमलं तर तिथल्या माणसाला विचारून पातळ कागद ठेवा आणि मऊ पेन्सिल घासा.

नाव लागलं की बघा, कारखाना रेल्वेचा की खासगी? इंग्लंडातले क्रू, स्विंडन, डॉन्कास्टर हे रेल्वे कंपन्यांचे घरचे कारखाने. क्रूनं शेजारच्या रेल्वेला इंजिनं बांधून विकली, तेव्हा खासगी कारखानदार चिडून कोर्टात गेले आणि १८७६ साली त्यांनी मनाई हुकूम मिळवला. घरच्या कारखान्यानं घरापुरतंच बांधायचं! परदेशचा धंदा खासगीवाल्यांकडंच राहिला. १८५३च्या बोरीबंदर-ठाणे गाडीची इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची, आमच्या बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसनची.

पाटीचा आकारही ओळख देतो. ग्लासगोच्या ड्यूब्सची पाटी थेट शंकरपाळ्यासारखी. १९०३ साली ड्यूब्स, नीलसन रीड आणि शार्प स्टुअर्ट मिळून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली, तरी ड्यूब्सच्या जुन्या कारखान्यानं शंकरपाळा सोडला नाही.

पण पाटीवर डोळे मिटून विश्वास नको. मोठ्या ओव्हरहॉलला एका इंजिनाचा बॉयलर दुसऱ्यावर चढतो. कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनचा जोर चाकाला देणाऱ्या दांड्याच्या, टोकाशी वाका. ग्रीसखाली पंचानं ठोकलेले आकडे दिसतील, एखादा तिरका, एखादा दोनदा मारलेला. ते इंजिनाच्या नंबराशी जुळले नाहीत तर रॉड दुसऱ्याच इंजिनाचा समजा. आम्हीही असंच करायचो, गाडी निघायला हवी ना!

डिझेलचं वाचन थोडं वेगळं. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं इंजिन व्हल्कन फाउंड्रीत बांधलेलं असेल तर पाटीवर दोन आकडे सापडतात, एक इंग्लिश इलेक्ट्रिकचा, दुसरा व्हल्कनचा, 'डी'नं सुरू होणारा. १९६१-६२ मधल्या डेल्टिक नावाच्या २२ डिझेल गाडी-इंजिनांना हे लागू. त्यांच्या पोटात दोन त्रिकोणी इंजिनं, प्रत्येकी १८ सिलिंडर आणि, एका सिलिंडरात समोरासमोर दोन म्हणून, ३६ पिस्टन. इतके पिस्टन कोण सांभाळत बसेल, असं वाटून माझ्या पोटात गोळाच आला. नॉर्थ ब्रिटिशची डिझेलं मात्र दुर्दैवी. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर बांधलेल्या इंजिनांनी फार त्रास दिला आणि १९६२ साली कंपनीच बुडाली.

माझ्या वहीत शंकरपाळे तीन झालेत. लेक लीड्सला राहते, पण किटसनची पाटी अजून एकही नाही.