जर्नल चौघांचं, भागाकार एकाचा: या चुका टाळा

गणपतीची सुट्टी संपली की कोकणातली कॉलेजची पोरं परत येतात ती बहुतेकदा एकाच जर्नलच्या, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीच्या, चार प्रती घेऊन. मीही त्यातलाच. पकडलाही गेलो.

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर ओहोटीला आम्ही चौघं चौकटी टाकून खेकड्यांची बिळं मोजत होतो. एकाने चौकट धरायची, दुसऱ्याने मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं. चौथा बहुतेक वेळ फोटो काढत होता. इथवर काहीच गैर नाही. मोजणी सगळ्यांची, तेव्हा आकडे चारही जर्नलांत सारखेच हवेत. घोटाळा झाला तो नंतर. एकाने सरासरी आणि निष्कर्ष लिहून व्हॉट्सअॅपवर टाकले, बाकीच्यांनी उतरवून घेतले. चौकटी 10, बिळं 84, आणि चौघांचीही सरासरी 9.33! बाईंनी एवढंच विचारलं, "दहा चौकटींना नऊने भागायचं कोणाचं ठरलं?"

म्हणून आकडे वाटून घ्या, गणित ज्याचं त्याने करा आणि मग उत्तरं ताडून बघा. जुळली नाहीत तर खुशाल भांडा, खरा अभ्यास तिथेच होतो. निष्कर्ष मात्र दुसऱ्याचा न बघता लिहा, आणि मोजणी कोणाबरोबर केली ते जर्नलात एका ओळीत नोंदवा. त्याने मार्क कापले जात असतील असं वाटत असेल तर आधी बाईंना विचारून घ्या. प्रत्येक विषयाचा नियम वेगळा असतो.

"दहा टक्के कॉपी चालते" हा आणखी एक गैरसमज. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच. ती चोरीची सवलत नव्हे. प्रबंधात साम्य 60 टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. उतारा घ्यायचाच असेल तर अवतरणचिन्हात घ्या आणि कुठून घेतला ते लिहा. शब्द इकडेतिकडे करून किंवा चॅटबॉटकडून फिरवून घेतलेला मजकूर तुमचा होत नाही.

रात्री अकराला मित्र फाइल मागतो. फाइल पाठवू नका, फोनवर समजावून सांगा. (लाइट गेली असेल तर उत्तमच.) आधीच उतरवलं असेल तर जमा करण्यापूर्वी बाईंना सांगून तेवढा भाग पुन्हा लिहा.

आणि जो मोजणीला आलाच नाही, त्याचं नाव गटात घालू नका. त्याला पुढच्या ओहोटीला घेऊन जा. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, तेवढं बघून निघा.