स्क्रीन लपलप करते? आधी बटणाजवळचा दिवा बघा

"भाऊ, स्क्रीन लपलप करायली, नवा मॉनिटर घेऊ का?" परभणीत ऊन तापायला लागलं की असे फोन सुरू होतात. तोवर कुणीतरी फोन करणाऱ्याला फॉरमॅट मारायला सांगितलेलं असतं आणि दुसऱ्या कुणी स्टॅबिलायझर घ्यायला. दोन्ही करू नका. मॉनिटरच्या मागचं स्टिकर वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं तरी तो मॉनिटर निवांत चालतो. स्टॅबिलायझरचे पैसे फुकट.

केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा, व्हीजीए म्हणजे दोन बाजूंना स्क्रू असलेली जुनी केबल असेल तर स्क्रू आवळा. मग दुसरी केबल लावून बघा. बऱ्याच जणांचं काम इथंच होतं.

नाही झालं तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. बाकीच्या स्क्रीनबरोबर तोही लुकलुकत असेल तर संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर, म्हणजे चित्र दाखवायचं काम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. टास्क मॅनेजर शांत असेल तर हल्ली टाकलेला एखादा प्रोग्रॅम नडतोय. ड्रायव्हर अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुन्यावर परत जा.

आता मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेनू उघडा. मेनू स्थिर आणि मागचं चित्र थरथरतंय, तर दोष संगणकाचा किंवा केबलचा. मेनूही थरथरतोय, तर मॉनिटरचा किंवा विजेचा.

एवढं सगळे सांगतात. पण स्क्रीन दोन सेकंद पूर्ण काळी होऊन परत येत असेल, तर मेनूचा काही उपयोग नाही, कारण चित्राबरोबर तोही जातो. मी इथंच फसलो होतो. एका नातेवाइकाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. सकाळी सगळं ठीक, दुपारी स्क्रीन मधूनच काळी. केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, घरचा मॉनिटर नेऊन लावला, तोही काळा. ग्राफिक्स कार्ड गेलं असं मी छातीठोक सांगून मोकळा झालो. नशीब, त्यानं लगेच घेतलं नाही. चौथ्या खेपेला चहा पीत नुसता बसलो होतो. दुकानातलं पोरगं उठलं, कूलरचं बटण खट्‌कन दाबलं आणि स्क्रीन काळी. मॉनिटरच्या बटणाजवळचा निळा दिवा मात्र विझला नव्हता, नारिंगी झाला होता.

स्क्रीन जाते तेव्हा स्क्रीनकडे नाही, त्या दिव्याकडे बघायचं. दिवा पूर्ण विझला तर वीज तुटतेय: पिन ढिली, बोर्ड जळका, नाहीतर अडॅप्टर गेलेला. मॉनिटर यूपीएसवर असेल तर थेट भिंतीच्या बोर्डाला लावून बघा. दिवा पेटलेलाच राहिला किंवा रंग बदलला तर वीज येतेय, बहुधा सिग्नल तुटतोय.

त्या दुकानात कूलर आणि संगणक एकाच बोर्डावर होते. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर वरच्या मोठ्या भोकामागं वायरच नव्हती. म्हणजे अर्थिंग नावाला. अशा जागी कूलरच्या बटणाची ठिणगी केबलमधल्या सिग्नलला झटका द्यायला पुरते. संगणकाच्या कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? टेस्टर पेटतो? तेच दुखणं.

वायरमनला मल्टीमीटर घेऊन बोलवा. करंटची वायर म्हणजे फेज, परतीची न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास आणि फेज-अर्थ जवळपास तेवढंच आलं पाहिजे. फेज-अर्थ फारच कमी दिसलं तर अर्थिंग नाही, असली तरी मेलेली. "न्यूट्रलच अर्थला जोडून देतो" म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल तुटला त्या दिवशी सगळ्या पत्र्यात करंट येईल. आणि आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, ओल उतरते, पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग उन्हाळ्यात दगा देते. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मी न्हाणीघराचं पाणीच तिकडं वळवलंय. कूलरला वेगळा बोर्ड द्या.

सगळं करूनही मॉनिटर सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं लपलपतो आणि तापला की शांत होतो? बहुधा आतल्या पॉवर बोर्डाचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, थकलेत. स्वतः खोलू नका. पिन काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट काही वेळ टिकून राहू शकतात. मेकॅनिकनं थेट बोर्ड बदलायचा भाव सांगितला, तर आधी कपॅसिटर बदलून बघायला सांगा.