स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) पायलटची लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, वाचायची कशी?

आधी 'ड्यूटी'चा (कामगिरीचा प्रकार) कॉलम बघा, बाकी नंतर. सर्कस लिहिलं असेल तर मोजकी बॉम्बर आमिष म्हणून आणि भोवती फायटरचा मोठा ताफा, म्हणजे जर्मन विमानं लढायला वर यावीत. रूबार्ब म्हणजे ढगाळ दिवशी दोघंचौघं कमी उंचीवरून फ्रान्समध्ये घुसून रेल्वे, गाड्या झोडायच्या (मला विचाराल तर सगळ्यात जीवघेणं काम हेच), आणि रोडिओत बॉम्बर नसतातच, नुसती फायटर. मग वेळ. १.३५ म्हणजे १ तास ३५ मिनिटं, दशांश नाही हं! आणि 'एक पाडलं' दिसलं की लगेच खरं धरू नका, १९४१ चे दावे फार फुगलेले, लंडनच्या क्यू (Kew) भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये 'एअर २७' या फाइलमालिकेत स्क्वाड्रनचा फॉर्म ५४१ (कोण कधी उडालं, काय झालं याची रोजची नोंद) असतो, त्याच तारखेशी ताडून बघा.